कंबर, पोते आणि मजुरी



वसंत व्याख्यानमालेची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या व्यासपीठांवरून देश, धर्म, इतिहास, वाङ्मय यांवर पुष्कळ विचारमंथन झाले. त्या मानाने आजचा आमचा विषय अगदीच साधा वाटेल. आम्ही माणसाच्या कंबरेवर बोलणार आहोत. परंतु वर सांगितलेले सारे विषय ज्या समाजात चालतात, तो समाज कोणाच्या तरी कंबरेवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही. मोंढ्यातले सोयाबीन, तूर, हरभरा आपल्या पायांनी गोदामात जात नाही. ते कोणीतरी पाठीवरून नेतो. त्या माणसाच्या कंबरेत उसण भरली, म्हणजे काय होते, ती बरी कशी होते, आणि पुन्हा भरू नये म्हणून काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. हमालांच्या संघटनेचे काम करताना जे पाहिले, आणि त्यासाठी जे वाचावे लागले, त्याच्या आधारे बोलत आहोत.

प्रथम हे दुखणे फक्त हमालाचे आहे असे समजू नका. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणारे एवढे मोठे दुसरे दुखणे नाही. गादीवर बसून हिशेब लिहिणारे शेठजी, मोटारसायकलवर रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणारे गुरुजी, वाकून खुरपणाऱ्या आमच्या भगिनी, सारेच यात आले. फरक एवढाच, की शेठजींची कंबर धरली तर ते लोडाला टेकून धंदा पाहतात. हमालाची कंबर धरली तर त्याची चूल थंड पडते.

आता हे होते काय, ते पाहू. कंबरेच्या भागात मणके पाच. दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत दोराप्रमाणे स्नायू आहेत. डोलकाठीला जसे ताण दिलेले असतात, तसे ते पाठीला उभे ठेवतात. या स्नायूंवर त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त किंवा अचानक ओढ आली, म्हणजे त्यांतील काही तंतू ताणले जातात, काही तुटतात. मग आजूबाजूचे स्नायू त्या जागेला हलू न देण्यासाठी आवळून बसतात. हीच उसण, हीच लचक. माणूस वाकडा होतो, सरळ उभे राहता येत नाही, खोकला आला तरी कळ येते. दुखणे भयंकर वाटते. परंतु बहुतेक वेळा हाड मोडलेले नसते, मणका सरकलेला नसतो. घाबरल्याने माणूस अधिक आखडतो, म्हणून हे आधी सांगितले पाहिजे.

ही ओढ एवढी मोठी का असते? तराजूचा हिशेब आठवा. दांडीच्या मध्यापासून पारडे जितके लांब, तितका त्याचा जोर अधिक. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे साधारण पाच सेंटिमीटरवर काम करतात. तुम्ही वाकून, हात लांब करून, चाळीस सेंटिमीटरवरचे वीस किलोचे ओझे उचलले, तर ते अंतर आठपट झाले. म्हणजे स्नायूंना एकशेसाठ किलोची ओढ द्यावी लागते. त्यात तुमच्या धडाचे स्वतःचे वजन वेगळेच. तेच ओझे पोटाशी धरले तर हिशेब एकदम खाली येतो. स्वीडनचे डॉक्टर नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यातील गादीत सुई घालून दाब मोजला. उभे असताना जो दाब असतो, त्याच्या सुमारे पाव हिस्सा उताणे निजल्यावर असतो, आणि वाकून हातात वजन घेतले म्हणजे तो दुपटीच्याही वर जातो, असे त्यांना दिसले. वाकणे, त्यात वजन, आणि त्यात कंबरेला पीळ, या तिन्ही गोष्टी एका वेळी आल्या म्हणजे उसण भरलीच समजा. ट्रकच्या फळ्यावरून पोते ओढून अंगावर घेताना नेमके हेच तीन एकत्र येतात.

आता उपायांकडे वळू. आपल्याकडे उसण भरली म्हणजे पायाळू माणसाला शोधतात आणि त्याचा पाय कंबरेला लावून घेतात. कोणी बिबा घालतो, कोणी डाग देतो, कोणी पाठीवर उभे राहून तुडवतो. या लोकांची थट्टा करण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. ज्याच्या खिशात डॉक्टरची फी नाही, तो पायाळूकडे जाणारच. शिवाय पायाळूने गुण येतो असे लोकांना का वाटते, त्याचेही कारण आहे. साधी उसण आपोआपच थोड्या दिवसांत कमी होऊ लागते. त्या सुमारास ज्याने पाय लावला, त्याला यश मिळते. परंतु बिब्याने कातडी जळते आणि फोड येतात, डागाची जखम चिघळते, आणि तुडवून घेतल्याने तुटलेले तंतू आणखी तुटतात. पायाळूचा पाय हलकाच लागला तर नुकसान नाही. बाकीच्या गोष्टी मात्र कृपा करून सोडा.

दुसरी समजूत शिकलेल्या लोकांत आहे. कंबर धरली म्हणजे पंधरा दिवस फळीवर उताणे पडून राहावे, असे ते मानतात. एके काळी डॉक्टरही असेच सांगत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रोग्यांवर याची परीक्षा झाली. काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस निजून राहायला सांगितले. दोन दिवसवाले सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी पडले. पुढे १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ नोकरांचे तीन गट केले. एका गटाने दोन दिवस निजावे, दुसऱ्याने ठरावीक व्यायाम करावेत, तिसऱ्याने दुखणे सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवावेत. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. पहिल्या दोन दिवसांत तर व्यायामाचाही हट्ट नको, असा त्याचा अर्थ होतो.

तेव्हा उसण भरल्यावर काय करावे, हे क्रमाने सांगतो. पहिले दोन दिवस ज्या स्थितीत कळ कमी होते, त्या स्थितीत विसावा घ्यावा. बहुतेकांना उताणे निजून गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी घेतली, किंवा कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली, म्हणजे बरे वाटते. पण तासा-दोन तासांनी उठावे आणि घरातल्या घरात चार पावले चालावे. उठताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. शेक घ्यावा. गरम मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी चालेल. मात्र आधी हाताला लावून पाहावी. गोळी डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावी. साध्या पॅरासिटामॉलने कंबर लवकर बरी होत नाही, असे २०१४ साली ऑस्ट्रेलियातील परीक्षेत दिसले. आणि दुकानातून पुडीत मिळणाऱ्या जोरकस वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर व मूत्रपिंड यांना धोका असतो. गोळी खाऊन दुखणे दाबायचे आणि त्याच दुपारी गाडी भरायला जायचे, हा प्रकार तर सर्वांत वाईट. दुखणे हा राखणदार आहे. त्याला झोपवून घर उघडे टाकू नये.

तिसऱ्या दिवसापासून चालणे वाढवावे. आधी पाच मिनिटे, मग दहा, मग पंधरा. कळ कमी झाली म्हणजे थोडी हालचाल सुरू करावी. उताणे निजून एकेक गुडघा छातीकडे आणावा. हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ सावकाश वर करावी, सावकाश खाली सोडावी. त्याच स्थितीत समोरचा उजवा हात आणि मागचा डावा पाय सरळ करून पाच-दहा सेकंद धरावे, मग उलट बाजू. उताणे निजून गुडघे मोडून ढुंगण वर उचलावे, ज्याला योगवाले सेतुबंध म्हणतात. या चार गोष्टींना घोंगडीएवढी जागा आणि दहा मिनिटे लागतात. दुखणे पायात उतरू लागले तर मात्र थांबावे. आपल्या तालुक्यात उजेडच्या गांधीबाबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. कोणताही वस्ताद मार लागलेल्या मल्लाला एकदम फडात सोडत नाही. आधी हलकी मेहनत, मग जोर, मग लढत. हमालाच्या कंबरेला एवढी तरी माया मिळायला नको काय?

येथे एक इशारा दिला पाहिजे. प्रत्येक कंबरदुखी ही उसण नव्हे. दोन्ही पायांतली शक्ती गेली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेले पाहिजे. उद्यावर टाकायचे नाही. ताप येतो, वजन उतरते, रात्री निजल्यावरही ठणका थांबत नाही, तर मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मिळ नाही आणि औषधाने बरा होतो. उंचावरून पडल्यावर दुखू लागले, किंवा म्हाताऱ्या माणसाची कंबर किरकोळ धक्क्याने दुखू लागली, तर हाड तपासून घ्यावे. आणि साधी उसणही सहा आठवड्यांत हटली नाही, तर डॉक्टरला पुन्हा दाखवावे.

आता खरा अवघड प्रश्न. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, अशी म्हण आहे. पण मुंगीच्या पावलाने बरे व्हायला हमालाला सवड कोण देतो? शास्त्र म्हणते, फार निजू नका, हळूहळू कामाला लागा. हमालीत हळूहळू असे काही नसते. मजुरी नगावर. एक तर पूर्ण पोते उचलायचे, नाही तर घरी बसायचे. म्हणून माणूस चौथ्या दिवशी पट्टा आवळून पुन्हा थप्पीवर चढतो, पुन्हा उसण भरते, आणि दोन-चार फेऱ्यांत चाळिशीतच मोडतो. एका मोंढ्यात आम्ही पाहिले, की अशा माणसाला 'तुझा नंबर दुसऱ्याला दिला' एवढे सांगून मोकळे केले गेले. वीस वर्षांच्या हमालीची किंमत एका वाक्यात झाली.

यावर एक उपाय हमालांच्याच हातात आहे. आपल्याकडे हमाल टोळीने काम करतात आणि दिवसाची मजुरी वाटून घेतात. ज्याला उसण भरली, त्याला टोळीने पहिले दोन-तीन आठवडे हलके काम द्यावे: पोत्यांची तोंडे शिवणे, नग मोजणे, सांडलेले धान्य झाडून गोळा करणे, ढकलगाडी धरणे. मग अर्धे ओझे, मग पुरे ओझे. आणि वाटणी मात्र द्यावी. दहा जणांच्या टोळीत एकाचा भार नऊ जणांवर पडला तर प्रत्येकावर नववा हिस्सा येतो. आज माझा, उद्या तुझा. ज्या टोळ्यांनी हा नियम केला, तेथे माणसे लपवालपवी न करता पहिल्याच दिवशी दुखणे सांगतात आणि लवकर कामावर येतात, असा आमचा अनुभव आहे. टोळीची ही चाल म्हणजे गरिबाचा विमाच होय.

उसण पुन्हा भरू नये म्हणून काय करावे? एकदा भरलेली उसण पुनःपुन्हा भरते, हा सर्वांचा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात याच प्रश्नावर ७०१ माणसांची परीक्षा झाली, तिचा निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून उठलेल्या काही माणसांना नियमाने चालण्याचा कार्यक्रम दिला. आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत हळूहळू वाढवत न्यायचा. न चालणाऱ्यांत दुखणे मध्यमानाने ११२ दिवसांत परत आले; चालणाऱ्यांत २०८ दिवस लागले. चालण्याला पैसे पडत नाहीत आणि अनंतपाळाच्या देवळापर्यंत जाऊन यायला कोणाची परवानगी लागत नाही. गादीवर बसणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

उचलण्याची रीतही सांभाळावी. ओझ्याजवळ जावे, पाय फाकून उभे राहावे, गुडघे मोडावेत, ओझे पोटाशी घ्यावे. वळायचे असेल तर कंबर न पिळता पाय वळवावेत. पहाटे उठल्या उठल्या जड वाकणे टाळावे, कारण रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात आणि त्या वेळी वाकण्याचा ताण अधिक पडतो. घरातल्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि लोखंडासह ती तीस किलोच्या आसपास जाते; ती एकट्या बाईने उचलू नये, कडेवर तिरकी करून फिरवत न्यावी किंवा दोघांनी धरावी. पाण्याची एक मोठी घागर आणण्यापेक्षा दोन लहान कळशा दोन हातांत घ्याव्यात, म्हणजे तोल राहतो.

परंतु मित्रहो, रीत शिकवून सारे होईल असे जे मालक म्हणतात, त्यांच्याशी आमचा वाद आहे. केवळ उचलण्याची रीत शिकवल्याने कामगारांची कंबरदुखी कमी होत नाही, असे अनेक परीक्षांचा एकत्र विचार करणाऱ्या तज्ज्ञांनी २००८ साली लिहून ठेवले आहे. कंबरपट्ट्याचेही तेच. अमेरिकेत १६० दुकानांतील माल हाताळणाऱ्या ९ हजारांवर कामगारांची पाहणी होऊन २००० साली निकाल आला, की पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक नाही. पट्टा वाटून फोटो काढून घेणे सोपे असते. पोत्याचे वजन कमी करणे अवघड असते, आणि खरा उपाय तोच आहे.

वजनाचा इतिहास पाहा. एके काळी मोंढ्यातले पोते शंभर किलोचे असे. तो माणूस स्वतः पन्नास-पंचावन्न किलोचा, आणि पाठीवर त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंच्या वर असेल तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे. स्त्रियांसाठी ते त्याहून पुष्कळ कमी असावे. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी उचलण्याची सर्व परिस्थिती उत्तम असली तरी २३ किलोची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात, इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून उचलवू नये, असे ३४ वे कलम घातले गेले. पण आडतीचे दुकान म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून ते कलम मोंढ्याच्या दारातच थांबले.

मोंढ्यात कायदा आला तो हमालांच्या चळवळीमुळे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. ते स्वतः वैद्यकीचा व्यवसाय करणारे होते. ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला नुसते औषध देऊन भागत नाही, हे त्यांनी ओळखले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र केले. या लढ्यांतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा महाराष्ट्रात झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दुखापतीची सोय, हे ज्याला कोणी मालक मानायला तयार नव्हता, त्या हमालाला मिळू लागले. आढाव २०२५ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या हयातीत पोते शंभरावरून पन्नासावर आले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तरी पन्नासावर गोष्ट संपत नाही. युरियाची गोणी २०१८ साली पन्नासाऐवजी ४५ किलोची झाली. हमालाच्या पाठीची दया आली म्हणून नव्हे, तर शेतकऱ्याने युरिया कमी वापरावा म्हणून! पण दिवसाला दोनशे गोण्या उचलणाऱ्याच्या अंगावरून त्यामुळे हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल ओझे उतरले. एका सरकारी हुकमाने न मागता जे झाले, ते मागून का होणार नाही?

आमच्या हमाल बंधूंनाही दोन कडू शब्द ऐकवले पाहिजेत. कट्टा पन्नास किलोचा झाला, म्हणून काही तरणी पोरे दोन कट्टे एकदम पाठीवर घेतात. फेऱ्या वाचतात, टाळ्या मिळतात, आणि शंभर किलोचे पोते मागल्या दाराने परत येते. असे करायला त्यांना मजुरीचा दर भाग पाडतो, हे खरे. म्हणून दराची मागणी आणि वजनाची मागणी एकत्रच केली पाहिजे. पोते हलके झाले तरी नगाचा दर उतरता कामा नये. तिसरी मागणी ओट्याची. जमिनीवरून उचलण्यापेक्षा कंबरेएवढ्या ओट्यावरून पोते अंगावर घेणे कितीतरी सोपे. ओटा, ढकलगाडी आणि गाडीला लावायची मजबूत फळी, यांना आडत्यांचा फार खर्च येत नाही.

आणि ज्यांच्यासाठी ना मोंढा आहे ना मंडळ, त्या ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या मराठवाड्याच्या बायकांचे काय? डोक्यावर उसाची मोळी घेऊन, शिडीवरून चढून त्या ट्रक भरतात. पोटुशी असल्या तरी भरतात. त्यांची कंबर कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. त्या वहीत नोंद करणे हे पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

तात्पर्य एवढेच. उसण भरली तर घाबरू नका, फार निजू नका, तुडवून घेऊ नका, चालत राहा, आणि धोक्याची लक्षणे दिसली तर दवाखाना गाठा. हे प्रत्येकाने स्वतः करायचे. पण ओझे किती असावे, ते कोठून उचलावे, आणि दुखऱ्या माणसाला आठवडाभर हलके काम कोण देणार, हे एकट्याने ठरत नाही. ते सर्वांनी मिळून ठरवायचे असते. या सभेत आडते आहेत, शेतकरी आहेत, गुरुजी आहेत, हमाल आहेत. येत्या हंगामाआधी आपल्या बाजारात कंबरेएवढा एक ओटा बांधला गेला, तर आजचे व्याख्यान वाया गेले नाही असे आम्ही समजू.